त्रिकोणमितीची फंक्शन्स आणि त्यांच्या सिरीज, पाठांतर न करता कशा शिकायच्या

साइन, कॉस, टॅनची सुरुवात सगळ्यांची काटकोन त्रिकोणापासूनच होते, समोरची बाजू भागिले कर्ण वगैरे, आणि बरेच जण तिथेच अडकून राहतात. त्रिकोणात कोन ९० अंशाच्या पुढे जातच नाही, मग साइन १५० म्हणजे काय, साइन उणे ४० म्हणजे काय, आणि पुढे सिरीजमध्ये (म्हणजे न संपणाऱ्या पदांच्या बेरजेत) साइनच्या आत कोन नसून नुसताच एक आकडा बसलेला दिसतो तेव्हा तर सगळंच डोक्यावरून जातं. म्हणून माझा पहिला सल्ला असा की त्रिकोण बाजूला ठेवा आणि वर्तुळ घ्या. त्रिकोण चुकीचा आहे असं नाही, तो वर्तुळाचा एक छोटा तुकडा आहे इतकंच.

त्रिज्या १ असलेलं वर्तुळ, मध्य शून्यावर. त्याच्या कडेवर एक बिंदू, उजव्या टोकापासून निघून घड्याळाच्या उलट दिशेने फिरतोय. कोन क्ष एवढा झाला की त्या बिंदूचं आडवं अंतर म्हणजे कॉस क्ष आणि उभं अंतर म्हणजे साइन क्ष. झाली व्याख्या. आता १५० अंश असो, १००० अंश असो की उणे ४०, बिंदू कुठेतरी असणारच, म्हणजे साइन-कॉसची किंमतही असणारच. वर्तुळाच्या दुसऱ्या पाव भागात कॉस ऋण का, तिसऱ्यात दोन्ही ऋण का, हे पाठ करायची गरजच उरत नाही, बिंदू कुठे आहे ते बघायचं आणि सांगायचं. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १ हे तर पायथागोरसच आहे, त्रिज्या १ आहे म्हणून.

हे नुसतं वाचू नका, एकदा हाताने करा. कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, कोनमापकाने दर १५ अंशाला खूण करा आणि प्रत्येक खुणेची आडव्या रेषेपासूनची उंची पट्टीने मोजा. ०, २.६, ५, ७.१, ८.७, ९.७, १० असे आकडे येतील, दहाने भागलं की साइनचा तक्ता तयार. आकडे कसे वाढतात तेही बघा, सुरुवातीला पंधरा अंशात २.६ ची वाढ आणि शेवटच्या पंधरा अंशात जेमतेम ०.३ ची. बिंदू सुरुवातीला सरळ वर चढत असतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत जवळपास आडवा सरकायला लागलेला असतो, म्हणून असं होतं. हेच आकडे दुसऱ्या कागदावर एकापुढे एक मांडले की साइनची लाट दिसते. कॉसची लाट वेगळी काढायची गरज नाही, तीच लाट ९० अंश डावीकडे सरकवायची.

टॅन म्हणजे साइन भागिले कॉस, मध्यापासून बिंदूपर्यंतच्या रेषेचा चढ. ९० अंशाला रेषा उभी होते, चढाला आकडाच राहत नाही, म्हणून तिथे ग्राफ तुटतो. आणि १८० अंश फिरलं की रेषा परत तीच, म्हणून टॅन १८० अंशातच रिपीट होतो, साइन-कॉससारखे ३६० लागत नाहीत. सेक, कोसेक, कॉट हे नुसते उलटे भागाकार आहेत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

आता रेडियन. इथे लोक फार कंटाळा करतात आणि पुढे पस्तावतात. एक दोरा घ्या, त्रिज्येएवढा कापा आणि वर्तुळाच्या कडेवर लावा. तो जेवढा कोन व्यापतो तो १ रेडियन, साधारण ५७.३ अंश. पूर्ण वर्तुळाला असे सहा दोरे लागतात आणि वर पाव दोऱ्याहून थोडं जास्त, म्हणजे ६.२८३, म्हणजेच २ पाय (पाय म्हणजे π, ३.१४१५९). थोडक्यात रेडियन म्हणजे बिंदू कडेवरून किती अंतर चालला ते, १ त्रिज्येच्या वर्तुळावर. म्हणूनच साइन १० चा अर्थ लागतो, बिंदू १० अंतर चालला, दीडेक फेरी झाली, आता तो कुठे आहे?

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये साइनच्या किमती दिल्या त्यात त्रिज्या ३४३८ घेतलेली आहे, हा आकडा विचित्र वाटतो पण पूर्ण वर्तुळाच्या २१६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) भागिले २ पाय केलं की ३४३७.७५ येतं. म्हणजे कोन आणि लांबी दोन्ही एकाच मापात मोजायची, रेडियनमागचा विचार हाच. त्याच्या तक्त्यातली पहिली नोंद २२५ कलांच्या कोनाची आहे आणि तिची किंमतही २२५. लहान कोनासाठी साइन क्ष जवळजवळ क्ष एवढाच असतो, ते तिथे उघड दिसतं. कॅल्क्युलेटरवर साइन ०.१ काढा, ०.०९९८३ येईल.

कॅल्क्युलेटरचं निघालंच आहे तर, तो अंशावर आहे की रेडियनवर हे प्रत्येक वेळी आधी बघायचं. साइन ३० ला ०.५ आलं तर अंश, उणे ०.९८८ आलं तर रेडियन. आणि उलटं साइन काढताना तो एकच उत्तर देतो हेही लक्षात ठेवा. साइन ०.५ कुठे होतो विचारलं तर तो ३० अंश म्हणेल, पण १५० लाही तेवढाच आहे, आणि दर ३६० नंतर पुन्हा. वर्तुळावर अर्ध्या उंचीवरून आडवी रेष मारा, ती दोन ठिकाणी कापते, दिसतंच ते.

फॉर्म्युल्यांची ती लांबलचक यादी असते ना, बेरजेचे, दुपटीचे, अर्ध्याचे, गुणाकाराचे... ती भिंतीवर चिकटवून पाठ करायच्या मी विरोधात आहे. एकच नीट सिद्ध करा. वर्तुळावर दोन बिंदू घ्या, एक अ कोनावर, एक ब कोनावर, आणि त्यांच्यातल्या अंतराचा वर्ग दोन प्रकारे काढा. निर्देशकांवरून काढला तर २ − २(कॉस अ · कॉस ब + साइन अ · साइन ब) येतो. मग वर्तुळ फिरवून ब ला शून्यावर आणा, अंतर तर बदलत नाही, आता तेच २ − २ कॉस(अ − ब) येतं. दोन्ही सारखे, म्हणजे

कॉस(अ − ब) = कॉस अ · कॉस ब + साइन अ · साइन ब

ब च्या जागी उणे ब टाका, बेरजेचा मिळाला. अ च्या जागी ९० उणे अ टाका, साइनचा मिळाला. दोन्ही कोन सारखे घ्या, दुपटीचा मिळाला. बेरजेचा आणि वजाबाकीचा एकमेकांतून वजा करा, गुणाकाराचा मिळाला, आणि हा शेवटचा सांभाळून ठेवा, खाली त्याचं फार मोठं काम आहे:

साइन अ · साइन ब = ½ [कॉस(अ − ब) − कॉस(अ + ब)]

सिरीजकडे जायच्या आधी डेरिव्हेटिव्ह, म्हणजे फंक्शन बदलण्याचा वेग, लागतो. लिमिटचं गणित पुस्तकात असतंच, ते करा, पण चित्र हे असं आहे: बिंदू वर्तुळावर १ वेगाने चाललाय, त्याच्या वेगाची दिशा त्रिज्येला काटकोनात असते, आणि (कॉस क्ष, साइन क्ष) हा बाण ९० अंश फिरवला की (−साइन क्ष, कॉस क्ष) मिळतो. संपलं. कॉसचा डेरिव्हेटिव्ह उणे साइन, साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस. इथे वेग १ आहे कारण कोन रेडियनमध्ये आहे, अंश घेतले तर प्रत्येक डेरिव्हेटिव्हला पाय/१८० म्हणजे ०.०१७४५ चं शेपूट लागतं, चार वेळा डेरिव्हेटिव्ह काढला तर ते चार वेळा लागतं. रेडियनचा आग्रह यासाठी.

आता सिरीज, आणि इथे एक घोळ आधीच मिटवून टाकू. साइनची सिरीज आणि साइनच्या सिरीज या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपण साइनला क्ष च्या घातांत लिहितो. दुसरीत आपण दुसरंच कुठलं तरी फंक्शन साइन आणि कॉसच्या बेरजेत लिहितो. नाव दोन्हीकडे सिरीजच, त्यामुळे नवीन माणूस दोन्ही एकत्र वाचतो आणि गोंधळतो. एका वेळी एकच घ्या.

पहिली आधी. समजा साइन क्ष हे क्ष, क्ष^२, क्ष^३ अशा पदांची बेरीज आहे. साइनचा डेरिव्हेटिव्ह चार वेळा काढला की परत साइन येतो आणि शून्यावर या सगळ्यांच्या किमती ०, १, ०, −१ अशा फिरत राहतात. त्यावरून गुणक निघतात:

साइन क्ष = क्ष − क्ष^३/६ + क्ष^५/१२० − क्ष^७/५०४० + ...
कॉस क्ष = १ − क्ष^२/२ + क्ष^४/२४ − क्ष^६/७२० + ...

छेदात फॅक्टोरियल आहेत, १ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार, ३! म्हणजे ६, ५! म्हणजे १२०. केरळातल्या माधवाच्या परंपरेत या सिरीज चौदाव्या-पंधराव्या शतकात माहीत होत्या, युरोपात न्यूटनने काढल्या त्याच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी, आणि ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातल्या युक्तिभाषा या मल्याळम ग्रंथात त्या कशा निघतात तेही सविस्तर दिलेलं आहे, तेही डेरिव्हेटिव्हची आजची भाषा नसताना.

क्ष = १ टाकून हाताने करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पहिलं पद १. त्यातून १/६ वजा, ०.८३३३३३. १/१२० मिळवा, ०.८४१६६७. १/५०४० वजा, ०.८४१४६८. १/३६२८८० मिळवा, ०.८४१४७१. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून साइन १ काढा, हेच येईल. पाच पदांत सहा दशांश स्थळं!

मग लगेच क्ष = १० टाका म्हणजे दुसरी बाजू कळेल. पदं येतात १०, −१६६.७, ८३३.३, −१९८४.१, २७५५.७, −२५०५.२... आणि उत्तर तर उणे १ ते १ च्या मध्ये हवं. सिरीज शेवटी बरोबर उत्तराला पोचतेच, ती कुठल्याही क्ष साठी पोचते, पण एवढे मोठे आकडे एकमेकांतून वजा करत बसलात तर दशांशातल्या बारीक चुका उत्तर खराब करतात. म्हणून आधी कोन लहान करायचा. १० मधून एक फेरी म्हणजे ६.२८३१९ काढा, ३.७१६८१ उरलं, त्यातून पाय काढा, ०.५७५२२ उरलं, आणि अर्धी फेरी गेल्यामुळे चिन्ह उलटं. आता तीन पदं पुरतात: ०.५७५२२ − ०.०३१७२ + ०.०००५२ = ०.५४४०२, म्हणून साइन १० = −०.५४४०२. आधी वर्तुळ समजून घ्या म्हणत होतो ते अशा ठिकाणी उपयोगी पडतं.

काल्पनिक संख्या ओळखीच्या असतील तर घातांकी फंक्शनच्या (e^क्ष च्या) सिरीजमध्ये क्ष च्या जागी आय गुणिले क्ष टाका (आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ), सम पदं गोळा केली की कॉसची सिरीज आणि विषम पदं गोळा केली की आय गुणिले साइनची सिरीज बाहेर पडते. ऑयलरचं प्रसिद्ध सूत्र ते हेच. ओळखीच्या नसतील तर सध्या सोडून द्या, पुढचं अडत नाही.

आता दुसरी, फूरियेची. जोसेफ फूरिये उष्णता धातूत कशी पसरते याचा अभ्यास करत होता आणि १८०७ मध्ये त्याने पॅरिसमध्ये मांडलं की कुठलंही फंक्शन साइन-कॉसच्या बेरजेत लिहिता येतं. लाग्रांजसारख्या दिग्गज गणितज्ञाला ते पटलं नाही. त्याचं पुस्तक यायला १८२२ साल उजाडलं. "कुठलंही" हा शब्द त्याने जरा सैलच वापरला होता, म्हणजे लाग्रांजची शंका अगदीच फुकाची नव्हती, पण कल्पना खरी निघाली.

गुणक कसे काढायचे? वर सांभाळून ठेवलेला फॉर्म्युला काढा. म आणि न हे १, २, ३ असे पूर्ण आकडे घ्या, साइन(म·क्ष) गुणिले साइन(न·क्ष) ला त्याने दोन कॉसमध्ये फोडा आणि −पाय ते पाय इंटिग्रेट करा, म्हणजे ग्राफखालचं क्षेत्रफळ काढा, आडव्या रेषेखालचं ऋण धरून. पूर्ण फेऱ्या मारणाऱ्या कॉसचं इंटिग्रल शून्य, जेवढं वर तेवढं खाली. म्हणजे म आणि न वेगळे असतील तर उत्तर शून्य, आणि सारखे असतील तर पहिला कॉस १ होऊन बसतो आणि उत्तर पाय येतं. ही एक चाळणीच आहे, फंक्शनला साइन(न·क्ष) ने गुणून इंटिग्रेट केलं की बाकीच्या सगळ्या लाटा गळून जातात आणि फक्त न नंबरची उरते, मग पाय ने भागायचं की गुणक हातात. कॉसचंही तसंच. सगळ्या थिअरीचा जीव एवढाच आहे, हे एकदा कळलं की फूरियेचे फॉर्म्युले पाठ करावे लागत नाहीत.

उदाहरण घ्या, चौकोनी लाट: ० ते पाय मध्ये किंमत १, −पाय ते ० मध्ये −१. फंक्शन विषम आहे (क्ष चं चिन्ह बदललं की किमतीचंही बदलतं) म्हणून कॉस येणारच नाहीत. साइनचे गुणक काढले की सम न साठी शून्य आणि विषम न साठी ४/(न·पाय):

(४/पाय) [साइन क्ष + साइन(३क्ष)/३ + साइन(५क्ष)/५ + ...]

आता मधोमध, क्ष = पाय/२ ला किंमत काढत चला. एक पद १.२७३, दोन पदं ०.८४९, तीन १.१०३, चार ०.९२२, पाच १.०६३. एकच्या वर-खाली डोलत एककडे चाललंय, पण किती हळू! साइनच्या घातांच्या सिरीजला पाच पदांत सहा स्थळं मिळाली होती आणि इथे पाच पदांत पहिलं स्थळही पक्कं नाही. दोन्ही सिरीजचा स्वभाव किती वेगळा आहे हे असं आकडे टाकल्याशिवाय अंगात भिनत नाही. जाता जाता, बेरीज १ होते म्हणजे १ − १/३ + १/५ − ... = पाय/४, हीसुद्धा माधवाच्या परंपरेतलीच सिरीज, आणि ती इतकी रेंगाळते की शंभर पदांनंतर पायची किंमत ३.१३१६ येते. त्यांनी म्हणूनच शेवटी जोडायचा एक दुरुस्तीचा हिस्साही शोधला होता.

ग्राफ काढायचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या आणि ५, २०, १०० पदांची चौकोनी लाट काढून उडीच्या, म्हणजे किंमत −१ वरून एकदम १ होते त्या जागेच्या, जवळ झूम करा. तिथे एक शिंग दिसेल, १ च्या वर साधारण १.१८ पर्यंत गेलेलं. पदं वाढवली की ते उडीच्या जवळ सरकतं, बारीक होतं, पण त्याची उंची काही कमी होत नाही. पूर्ण उडीच्या जवळजवळ ९ टक्के. विल्ब्रॅहमने १८४८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, गिब्जने १८९९ मध्ये पुन्हा मांडलं आणि नाव गिब्जचं लागलं. कोड चुकला म्हणून शोधत बसू नका, ते तसंच असतं. नेमक्या उडीवर मात्र सिरीज मधली किंमत देते, इथे शून्य.

सिरीज कधी पोचते आणि कधी नाही हा प्रश्न लोकांना दीडशे वर्षं पुरला. डिरिक्लेने १८२९ मध्ये पहिली पक्की सिद्धता दिली, तुकड्यातुकड्याने चढणाऱ्या-उतरणाऱ्या साध्या फंक्शन्ससाठी. १८७३ मध्ये द्यू बोआ-रेमाँने एक सलग फंक्शन दाखवलं ज्याची सिरीज एका बिंदूवर पोचतच नाही. कँटर याच विषयात काम करत होता, एका फंक्शनच्या दोन वेगळ्या सिरीज असू शकतात का ते तपासत होता, आणि त्यातूनच संच-सिद्धांताकडे वळला. १९६६ मध्ये कार्लसनने सिद्ध केलं की सलग फंक्शनसाठी सिरीज जवळजवळ सगळीकडे पोचतेच. सुरुवातीला यातलं डिरिक्लेपर्यंत पुरे, बाकी लेबेगचं इंटिग्रेशन (इंटिग्रलची पुढची, जास्त व्यापक व्याख्या) शिकल्यावर.

सरावाला पहिलं गणित करवती लाट, म्हणजे −पाय ते पाय मध्ये नुसता क्ष. उत्तर २[साइन क्ष − साइन(२क्ष)/२ + साइन(३क्ष)/३ − ...] यायला हवं. दुसरं क्ष^२, ते सम आहे (क्ष चं चिन्ह बदललं तरी किंमत तीच) म्हणून फक्त कॉस येतील, दोनदा बाय पार्ट्स (गुणाकार इंटिग्रेट करायची रीत) करावं लागेल, चिन्हं सांभाळा:

क्ष^२ = पाय^२/३ − ४[कॉस क्ष − कॉस(२क्ष)/४ + कॉस(३क्ष)/९ − ...]

पहिलं पद पाय^२/३ हे फंक्शनची सरासरी आहे, ते वेगळं काढून तपासा. मग क्ष = पाय टाका, सगळी चिन्हं एका बाजूची होतात आणि १ + १/४ + १/९ + १/१६ + ... = पाय^२/६ म्हणजे १.६४४९ निघतं. पडताळा हाताने करा: दहा पदांची बेरीज १.५४९८ भरते, कमी वाटेल, पण उरलेल्या शेपटाची किंमत साधारण १/१०.५ म्हणजे ०.०९५२ असते, ती मिळवली की १.६४५०.